चांगले महिने

जेमा दुकानात शिरली तेव्हा लॉरेन ब्रेथवेट खिडकीतल्या पुतळ्याच्या अंगावर कुणीतरी दान दिलेला कोट चढवत होती. जेमाचं केस कापायचं दुकान त्याच रस्त्यावर, चार दारं सोडून. गिऱ्हाईक नसलं की ती चहाचा मग घेऊन इकडे डोकावायची, "हा कोट मेलेल्या माणसाचा दिसतोय" असं काहीतरी बोलून लॉरेनला डिवचायची आणि परत जायची. आज हातात मग नव्हता. ती सरळ आत आली आणि कोपऱ्यात न निवडलेल्या कपड्यांच्या पिशव्या पडल्या होत्या, त्यांच्यावरच बसली.

"एफीचं डोळ्याचं नाहीये ते," ती म्हणाली. "काल डोक्याचे फोटो काढले. नाव लिहून दिलंय."

तिनं कागद पुढे केला. लॉरेननं तो हातात घेतला, पण वाचायची गरज नव्हती. शनिवारी जेमाची पोर एफी दुकानात खेळण्यांच्या टोपलीपाशी बसली होती. हसताना तिचं तोंड एकाच बाजूला गेलं होतं, डावा डोळा नाकाकडे वळला होता. लॉरेननं तेव्हाच ओळखलं होतं. पण ती काही बोलली नव्हती. डोळ्यांच्या डॉक्टरची तारीख मिळाली म्हणून खुशीत असलेल्या आईला काय सांगायचं? आणि आपलं चुकतही असेल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती.

चुकलं नव्हतं. मेंदूच्या देठात, जिथून श्वास चालतो आणि काळीज चालतं त्याच जागी, गाठ होती. कापता येत नाही अशी. कागदावरचं लांबलचक नाव लॉरेनला अकरा वर्षं पाठ होतं, कारण तिचा मुलगा रॉस त्याच गाठीनं गेला होता, सात वर्षांचा असताना.

दुकानावर पाटी होती, "रॉससाठी". आत भिंतीवर त्याचा मोठा फोटो: बापाची टोपी घालून ट्रॅक्टरवर बसलेला, पुढचे दोन दात पडलेला. खाली लिहिलं होतं: "रॉससाठी जगात एकही औषध नव्हतं. पुढच्या मुलासाठी असू दे." अल्व्हर्स्टन गावात ते वाक्य शाळेतल्या पोरांनाही तोंडपाठ होतं. या दुकानातले जुने कोट, एखादा तुकडा हरवलेली जिगसॉ कोडी, चर्चच्या हॉलातल्या केकच्या विक्र्या, दरवर्षी जुलैत ओहोटीच्या वेळी खाडीच्या वाळूवरून सगळ्या गावानं काढलेली पदयात्रा, या सगळ्यातून जमलेला पैसा दोन तासांवरच्या शहरात एका प्रयोगशाळेत जात होता. तिथं डॉ. मॉराग रेनी नावाची एक स्कॉटिश बाई सात वर्षं या एकाच गाठीच्या मागे लागली होती. आधी काचेच्या बशीतल्या पेशी, मग उंदीर. आणि गेल्या वर्षापासून, पहिल्यांदाच, मुलं.

"तुमच्या त्या डॉक्टरीणबाई," जेमा म्हणाली. "त्यांचं औषध. माझ्या एफीला मिळेल का गं?"

"मी फोन करते," लॉरेन म्हणाली. "तू आधी पाणी पी, पोरी."

डॉ. रेनींना फोन लागला तेव्हा जेमा बाहेरच्या खोलीत होती. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मोजून मापून बोलायची त्यांची सवय लॉरेनला ठाऊक होती.

"रेडिएशन संपल्यावर तिला बघू. जागा आहे. पण लॉरेन, ही पहिली पायरी आहे, हे तुम्हाला माझ्याइतकंच माहीत आहे. औषध किती सोसतं एवढंच आपण बघतोय. मूल बरं होईल म्हणून कुणी इथं यावं, असं मी म्हणणार नाही. तुम्हीही म्हणू नका."

"नाही म्हणणार."

बाहेर येऊन तिनं जेमाला सांगितलं, "जागा आहे म्हणाल्या. बाई फार चांगली आहे, जीव ओतून काम करते." पुढचं तिनं सांगितलं नाही. डॉक्टर स्वतःच सांगतील, असं तिनं मनाशी म्हटलं, आणि ते खरंही होतं.

सहा आठवडे रेडिएशन झालं. जुलै उजाडेपर्यंत एफीचा डोळा जागेवर आला होता. ती पुन्हा पळायला लागली. औषधांनी गाल फुगले होते, त्यावरून ती स्वतःच म्हणायची, "मी हॅमस्टर झालेय, मला गाजर द्या." ज्यांना ठाऊक नव्हतं ते जेमाला थांबवून म्हणायचे, "बघ, बरी झाली की पोर! उगाच घाबरवतात हे डॉक्टर." इस्पितळात या दिवसांना एक साधं नाव होतं: चांगले महिने. दोन, तीन, फार तर पाच. मग गाठ परत डोकं वर काढायची, आणि त्यानंतर तिला थोपवणारं काही नव्हतं.

खरा पेच तिथंच होता. नवं औषध द्यायचं तर या चांगल्या महिन्यांतच द्यायला हवं, नंतर शरीरात ताकद उरत नाही. म्हणजे कवटीला भोक पाडून नळ्या बसवायच्या, औषधाचा पंप जोडायला कानामागे एक बटण, दर तीन आठवड्यांनी पाच दिवस इस्पितळ.

त्या वर्षीच्या पदयात्रेला तीनशे माणसं आली. वाटाड्याच्या मागून सगळे वाळूवरून चालले, गुडघ्यापर्यंत भिजले, कुत्री चिखलात लोळली. मागून लॉरेनचा नवरा डेरेक ट्रॅक्टर घेऊन येत होता. तो झिंग्यांचा कोळी. ओहोटीला तोच ट्रॅक्टर घेऊन तो खाडीत जाळी ओढायला जायचा. ट्रॉलीत एफी बसली होती आणि राणीसारखा हात हलवत होती.

"डेरेककाका, जोरात! मागची माणसं पकडतील आपल्याला!"

"अगं बये, ही काय रेसची गाडी आहे? माझ्या आजोबाच्या वयाचा आहे हा ट्रॅक्टर."

पलीकडच्या काठावर, दरवर्षीसारखं, लॉरेन ट्रॉलीवर उभी राहून बोलली. आभार मानले, आणि शेवटी ते वाक्य: रॉससाठी जगात एकही औषध नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती खाली उतरली तर जेमा ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकाला टेकून बसली होती, मांडीवर संमतीच्या कागदांचा गठ्ठा.

"वीस पानं आहेत, लॉरेन. पानापानावर 'होऊ शकतं', 'होऊ शकतं'. रक्तस्राव होऊ शकतो, बोलणं जाऊ शकतं. डॉक्टरीणबाई स्पष्टच म्हणाल्या, बरी होईल असं धरून सही करू नका. मी म्हटलं, मग नाही केली तर? तर म्हणे, तर हे महिने घरी घालवा, तेही बरोबरच आहे. दोन्ही बरोबर! मग मी काय करू, नाणं उडवू?"

लॉरेन तिच्याशेजारी ओल्या गवतावर बसली.

"तू सांग," जेमा म्हणाली. "रॉसच्या वेळी तुझ्यापुढे कुणी असा कागद ठेवला असता, तर केली असतीस सही?"

समोर एफी डेरेकच्या रबरी बुटांत पाय घालून धडपडत चालत होती आणि स्वतःवरच खिदळत होती.

"डोळे झाकून केली असती," लॉरेन म्हणाली.

जेमानं मान हलवली. त्याच संध्याकाळी तिनं सही केली.

लॉरेन खोटं बोलली होती. रॉसच्या वेळी असा कागद होता. लंडनच्या एका इस्पितळात तेव्हा एक चाचणी चालू होती, गोळ्या आणि सलाइन, दर आठवड्याला जायचं. डेरेक म्हणाला होता, जाऊ या. लॉरेन म्हणाली होती, नाही. त्या वॉर्डात ती एकदा जाऊन आली होती, एका खाटेवर छताकडे बघत पडलेला एक मुलगा पाहिला होता, आणि परत येताना गाडीत तिनं सांगून टाकलं होतं, माझं पोरगं तिथं पडणार नाही. मग त्यांनी कॅरॅव्हॅन, आत राहता येईल अशी गाडी, घेतली, स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर लावली आणि रॉससोबत तीन महिने काढले. ऑगस्टमध्ये घरीच त्याचा जीव गेला, पुढच्या खोलीत, खिडकी उघडी ठेवून.

"जगात औषधच नव्हतं" हे पहिल्यांदा तिनं म्हटलं नव्हतं. तिच्याशी बोलायला आलेल्या स्थानिक पेपरवाल्यानं ते लिहिलं. तिनं वाचलं, आणि दुरुस्त केलं नाही. मग ते पत्रकावर आलं, भिंतीवर आलं, तिच्या तोंडात आलं. वर्षं जात गेली तसं ते मागे घेणं अवघड होत गेलं. पण मनाच्या तळाशी एक प्रश्न घुशीसारखा पोखरत राहिला: गेलो असतो तर? जेमाला तिनं ते उत्तर का दिलं, याचा पुढे तिनं पुष्कळ विचार केला. आत्ताच तीनशे माणसांपुढे बोलून ती उतरली होती, तोंड फिरवायला जागा नव्हती, हे एक. दुसरं कारण तिला स्वतःशी कबूल करायला बरेच महिने लागले. ज्या रस्त्यानं आपण गेलो नाही, तो कुठे जातो हे तिला बघायचं होतं. जेमाच्या पोरीच्या पायांनी.

ऑगस्टमध्ये नळ्या बसवल्या. एफीनं बटणाला नाव दिलं चार्जर. औषधाचा पंप जोडला की ओरडायची, "बोलू नका माझ्याशी, मी चार्जिंगला लागलेय!" नर्सा हसायच्या. लॉरेन दर खेपेला सोबत जायची. जेमाला गाडी चालवताना रडू यायचं म्हणून गाडी लॉरेनच चालवायची. पहिल्या दोन खेपा बऱ्या गेल्या. फोटोत गाठीची एक कड थोडी विरळ दिसली. डॉ. रेनी म्हणाल्या, यावरून काही म्हणता येत नाही. जेमानं ऐकलं, आणि त्या रात्री गावात सगळ्यांना कळवलं की गाठ लहान होतेय.

तिसऱ्या खेपेला नळीपाशी जंतुसंसर्ग झाला. पाच दिवसांचे आठवडेच्या आठवडे झाले. ताप उतरला, पण डावा हात परत आला नाही. ऑक्टोबरचा सगळा महिना, आणि मग नोव्हेंबरही, एफी खिडकीजवळच्या एका खाटेवर होती. खिडकीतून मोटारी लावायची जागा दिसायची. जेमानं घरून तिची गादीवरची चादर आणली, भिंतीवर चित्रं चिकटवली, इस्पितळाच्या उपहारगृहातले गार चिप्स खाऊन दिवस काढले.

"लॉरेनमावशी," एफी एकदा म्हणाली. तेव्हा तिचे शब्द जड यायला लागले होते. "आपण कधी घरी जायचं? गाढवाच्या प्रॅक्टिसला मी नाही गेले तर दुसऱ्याला गाढव करतील."

शाळेच्या नाताळच्या नाटकात तिला गाढवाचं काम मिळालं होतं.

"तुझ्याइतकं चांगलं गाढव त्यांना कुठून मिळणार?" लॉरेन म्हणाली.

एफीनं तोंडाच्या एका बाजूनं हसायचा प्रयत्न केला. मग डोळे मिटले. लॉरेन उठून बाहेर गेली आणि हात धुण्याच्या बेसिनपाशी बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. अकरा वर्षांपूर्वी पाहिलेला तो छताकडे बघणारा मुलगा अशाच खाटेवर पडला होता.

नोव्हेंबरच्या शेवटी डॉ. रेनींनी जेमाला एका खोलीत बोलावून सांगितलं की औषध थांबवतोय. घरी न्यायचं ठरलं. डेरेकनं जेमाच्या घरी वरची खाट खाली आणून लावली, खिडकीजवळ, वर दिव्यांच्या माळा सोडल्या. शुक्रवारी रुग्णवाहिका येणार होती. गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला, जेमा तिचे केस विंचरत असताना, एफीचा श्वास अडकत अडकत थांबला. जे थोडे केस परत उगवले होते, तेच ती विंचरत होती. नर्स आली तरी कंगवा तिच्या हातातच होता.

त्याच दिवशी जेमानं आणखी एका कागदावर सही केली. ती गाठ प्रयोगशाळेला दिली. का दिलीस, असं कुणी विचारलं नाही. ती स्वतःच लॉरेनला गाडीत म्हणाली, "तिला आता काय करायचंय ती?"

एप्रिलमध्ये डॉ. रेनी चर्चच्या हॉलात आल्या. दरवर्षी त्या लॉरेनच्या संस्थेच्या सभेला यायच्या आणि काम कुठवर आलं ते सांगायच्या. या वर्षी हॉलात माणसं जास्त होती. जेमा नव्हती.

त्यांनी काही झाकलं नाही. अकरा मुलांना औषध दिलं. अकराही गेली. ज्या दोघांच्या गाठी थोड्या आक्रसल्या होत्या, त्यांचाही काळ लांबला असं म्हणता येणार नाही. नळीनं औषध नेमक्या जागी पोचतं, हे मात्र आता पक्कं कळलं; हे कुणाला पूर्वी जमलं नव्हतं. औषध चुकलं, वाट बरोबर होती. दुसरं औषध त्यांच्याकडे आहे. त्यासाठी त्यांना आणखी तीन वर्षं हवी आहेत.

मागच्या रांगेतून एक म्हातारा म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं केक खाल्ले ते फुकटच?" कुणी हसलं नाही. डॉ. रेनी म्हणाल्या, "फुकट म्हणणार नाही. पण तुम्ही तसं म्हणालात तर मी भांडणारही नाही."

सभा संपली, खुर्च्या रचून झाल्या. मागच्या स्वयंपाकघरात लॉरेन कप विसळत होती आणि डॉक्टर पुसत होत्या.

"डॉक्टर," लॉरेन पाण्याकडे बघत म्हणाली, "बारा वर्षांपूर्वी लंडनला एक चाचणी चालली होती. गोळ्या आणि सलाइनची. तिचं पुढे काय झालं हो?"

"ती? पंधरा मुलं होती. चौदांना काडीचाही फरक पडला नाही."

"आणि पंधरावा?"

"पंधरावी. मुलगी होती. ती पुढे अडीच वर्षं जगली. का, ते आजवर कुणाला कळलेलं नाही. मुळात रोग वेगळाच असेल, असंही काही जण म्हणतात." डॉक्टरांचं फडकं थांबलं. "लॉरेन, रॉसला बोलावलं होतं का त्यांनी?"

"ते कप ओले ठेवू नका कपाटात," लॉरेन म्हणाली. "कुबट वास येतो मग."

डॉक्टरांनी तो कप दोनदा पुसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी डेरेक खाडीतून परत आला. मागच्या शेडमध्ये मोठ्या हंड्यात झिंगे उकळत होते, काचा वाफेनं धुरकटल्या होत्या. लॉरेन दारात उभी राहिली.

"लंडनच्या पंधरा मुलांतलं एक जगलं होतं," ती म्हणाली. "अडीच वर्षं."

डेरेकनं झाऱ्यानं फेस काढला. "माहीत आहे."

"माहीत आहे म्हणजे?"

"लायब्ररीतल्या पोरीकडून त्या चाचणीचा अहवाल मागवून घेतला होता छापून. नऊएक वर्षं झाली. इंग्रजी असून अर्धं कळलं नाही, पण तो आकडा कळला."

"आणि मला बोलला नाहीस?"

"बोलून काय झालं असतं? तू रोज सकाळी उठून दुकान उघडत होतीस. मी म्हटलं, उठतेय ना, उठू दे." त्यानं झारा ठेवला. "मी रागावलो होतो तुझ्यावर, लॉरेन. दोन वर्षं चांगलाच रागावलो होतो. शेजारी झोपायचो आणि रागावलेला असायचो. मग गेलं ते. कधी गेलं कळलंही नाही."

ती तिथल्या उलट्या टोपलीवर बसली. मग म्हणाली, "मी जेमाला सांगितलं होतं, मी सही केली असती."

डेरेकनं तिच्याकडे पाहिलं. एवढं त्याला माहीत नव्हतं.

"मग जा आणि सांग तिला," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत."

सोमवारी जेमाचं दुकान बंद असायचं. ती आत एकटी आरशांच्या काचा पुसत होती. लॉरेननं दारावर टकटक केली, आत आली, आणि कोट न काढताच सगळं सांगितलं. लंडन, कागद, आपलं नाही म्हणणं, पेपरवाला, आणि ट्रॅक्टरच्या चाकापाशी दिलेलं उत्तर. सांगताना आरशात तिला स्वतःचं तोंड दिसत होतं, म्हणून ती जमिनीकडे बघून बोलली.

जेमा ओरडली नाही. फडकं घडी करून ठेवलं आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली.

"ते तीन महिने कसे होते?" तिनं विचारलं.

"जेमा..."

"सांग ना. काय काय केलंत?"

"कॅरॅव्हॅन होती. समुद्रावर जायचो."

"असं नाही. सगळं सांग. खायचा काय तो?"

लॉरेननं सांगितलं. लोणी लावलेल्या टोस्टवर डेरेकचे झिंगे. समुद्रातले सील बघायला रोज खडकावर बसायचं, रॉसनं एका सीलचं नाव बँक मॅनेजर ठेवलं होतं. पाय गेले तेव्हा डेरेक त्याला पाठुंगळी घेऊन पाण्यात जायचा. शेवटच्या आठवड्यात तो आईच्या अंगावर डोकं ठेवून झोपायचा. जेमा मधेच थांबवून विचारत होती, मग काय झालं, मग पुढे, आणि लॉरेनला प्रत्येक गोष्ट बोलावी लागत होती. 

"माझ्याकडे मोटारी लावायची जागा आहे," जेमा म्हणाली. "डोळे मिटले की तेच दिसतं. निळी व्हॅन, पांढरी व्हॅन."

"मला माफ कर असं मी म्हणणार नाही."

"नकोच म्हणू. डॉक्टर काय सांगायचं ते सांगून मोकळ्या झाल्या. त्यांना मी नाही विचारलं. तुला विचारलं, कारण तू एकटीच त्या जागी उभी राहिली होतीस." तिचा आवाज आता फाटायला लागला. "आणि ऐक. तू खरं सांगितलं असतंस तरी कदाचित मी सहीच केली असती. मी तशीच आहे, मला हात बांधून बसवत नाही. पण ते आता मला कळणार आहे का? कधीच नाही कळणार. माझा म्हणून एक निर्णय होता, तोही माझा राहिला नाही. तो तू घेतलास माझ्याकडून."

लॉरेन उभी राहिली. जेमानं दार उघडून धरलं आणि ती बाहेर जाईपर्यंत धरून ठेवलं.

त्या आठवड्यात लॉरेननं भिंतीवरचा फोटो उतरवला. समितीची माणसं चर्चच्या हॉलात जमली, तेव्हा तिनं त्यांनाही सांगितलं.  खजिनदार बाई म्हणाल्या, "खरं बोलून दुकानं चालत नसतात, लॉरेन. आणि एवढ्या वर्षांनी कुणाला काय करायचंय?" लॉरेन म्हणाली, मग मला काढा. त्यांनी तिला काढलं नाही. तिची जागा घ्यायला कुणी तयार नव्हतं. फोटो परत लागला. खाली नवीन ओळी होत्या: "रॉसला एक औषध देऊ केलं होतं. आम्ही नको म्हणालो. ते बरोबर होतं की चूक, आम्हाला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही, म्हणून हे काम चालू आहे." त्या जुलैत पदयात्रेला ऐंशी माणसं आली. एक बाई दुकानात येऊन तिनं पूर्वी दिलेला चिनी मातीचा टीसेट परत घेऊन गेली.

जेमा उन्हाळ्यातच गाव सोडून लँकेस्टरला बहिणीकडे गेली. तिच्या दुकानात आता कुणीतरी मोबाईल दुरुस्त करतो. जायच्या आधी ती लॉरेनला भेटली नाही, आणि नंतरही कधी काही कळवलं नाही. एफीच्या गाठीच्या पेशी डॉ. रेनींच्या प्रयोगशाळेत वाढल्या. फार जोमानं वाढतात, असं डॉक्टरांनी फोनवर सांगितलं आणि लगेच माफी मागितली. दुसऱ्या औषधाचा पहिला प्रयोग त्या पेशींवरच झाला.

तीन वर्षांनी नवी चाचणी सुरू झाली. लॉरेनचा नंबर पत्रकावर होताच, त्यामुळे कुठून कुठून आईबापांचे फोन यायला लागले. डॉक्टरांकडचं सगळं ऐकून झालेलं असायचं. सगळ्यांना शेवटी तेच विचारायचं असायचं.

वर्किंग्टनहून एका बापाचा फोन आला, तेव्हा दुकानात गर्दी होती. त्याचा आवाज ट्रकवाल्याचा, मोठा, पण शब्द तुटत होते.

"मला एवढंच सांगा, बाई. तुम्ही काय केलं असतं?"

"आम्ही नाही म्हणालो होतो," लॉरेन म्हणाली. "मग मी एका मुलीच्या आईला हो म्हणायला लावलं. दोन्ही मुलं गेली. माझ्या मुलाचे शेवटचे महिने चांगले गेले, त्या मुलीचे फार वाईट गेले. पण आमच्या वेळच्या पंधरा मुलांतलं एक अडीच वर्षं जगलं, आणि ते माझंही असू शकलं असतं."



"मग तुम्हाला फोन करून मला काय मिळालं?" तो म्हणाला. त्याला राग आला होता.

"काही नाही मिळालं. खरं आहे तुमचं."

तिला वाटलं, आता ठेवेल. त्यानं ठेवला नाही. त्याच्या श्वासाचा आवाज येत होता, आणि मागे कुठेतरी टीव्हीवर कार्टून चालू होतं. काउंटरपाशी एक गिऱ्हाईक स्वेटर घेऊन उभं होतं. लॉरेननं हातानंच त्याला थांबायची खूण केली आणि पाठ फिरवली.

"काय नाव तुमच्या लेकराचं?" तिनं विचारलं.

"ऑर्ला." मग म्हणाला, "पाच वर्षांची आहे. आत्ता बरी आहे. आज नाश्त्याला दुधातलं सीरियल दोन वाट्या खाल्लं तिनं."

"दोन?" लॉरेन म्हणाली. "कुठलं आवडतं तिला?"

तो सांगू लागला.